दोष कुणाचा, जबाबदारी कुणाची?



मुलाखतीहून परतलेला तरुण खाली मान घालून सांगतो, "मार्क चांगले होते, पण बोलताच आले नाही." मुलांकडे 'सॉफ्ट स्किल्स' नाहीत, अशी मालकांची तक्रार असते. ते कॉलेजला दोष देतात, कॉलेज घराकडे बोट दाखवते आणि घर मुलालाच बोल लावते.

ॲरिस्टॉटलच्या मते, बांधकाम करता करता माणूस गवंडी होतो, तसा सद्गुणही सवयीने अंगी बाणतो. ऐकून घेणे, चूक कबूल करणे, नम्रपणे 'नाही' म्हणणे या सवयीच आहेत. सवयीला सराव लागतो आणि सरावात चुका होणारच. म्हणून खरा प्रश्न असा: सरावाची संधी कुणाच्या हातात आहे?

१९६१ च्या अप्रेंटिस कायद्याने शिकाऊ मुलाला प्रत्यक्ष काम शिकवण्याची जबाबदारी मालकावर टाकली. मग गिऱ्हाइकाशी कसे बोलावे, हे शिकवणे त्या कामातच आले नाही का? आपल्यापैकी ज्यांचे दुकान वा वर्कशॉप आहे, त्यांनी याचा विचार करावा.

पण आपण पालकही सुटत नाही. जेवताना मूल बोलू लागले की "तुला काय कळते?" म्हणून त्याला गप्प कोण करते? संधी मिळाल्यावर मेहनत त्यानेच करायची आहे. पण आज जेवताना त्याचे म्हणणे एकदा तरी पूर्ण ऐकून घ्या.