चिठ्ठीत निघालेली झाडं

अमरावतीच्या राजापेठेत रस्त्याच्या कामासाठी टाकलेल्या ढिगातून, तिथल्या माणसाला विचारून, मॅडमनी एक घमेलं गिट्टी वर्गात आणवली. शंभर खडे मोजून घेतले, प्रत्येकावर रंगाने क्रमांक घातला आणि सगळे टेबलावर पसरले. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाचा वर्ग. संख्याशास्त्र हा विषय घेतलेली वीस-पंचवीस पोरं. मॅडम म्हणाल्या, "या शंभर खड्यांचं सरासरी वजन हवंय. सगळे तोलायचे नाहीत. प्रत्येकाने नीट बघून, ढिगात जसे लहानमोठे आहेत तसेच दहा खडे निवडा आणि तेवढेच तोला."

पोरांनी मन लावून निवडले. काहींनी तर डोळे मिटून हात घातला. खरी सरासरी होती 62 ग्रॅम. फळ्यावर एकामागून एक आकडे उतरले ते 70, 74, 81 असे. दोघांचा अपवाद सोडला तर सगळ्यांचे आकडे चढेच. लबाडी कुणीच केली नव्हती. बारीक खडा बोटांतून निसटतो, ठसठशीत खडा नजरेत भरतो. डोळे मिटले तरी बोटांना मोठाच खडा आधी लागतो. मग मॅडमनी पुस्तकामागचा यादृच्छिक अंकांचा तक्ता उघडायला लावला. त्यात निघतील त्या क्रमांकांचे खडे उचलायचे, आपलं डोकं चालवायचं नाही. आता आकडे 62 च्या खाली-वर दोन्हीकडे पसरले. इंग्लंडच्या रॉथमस्टेड केंद्रात फ्रँक येट्स यांनी 1930 च्या दशकात दगडांवर असाच प्रयोग केला होता आणि तिथल्या जाणत्या माणसांचे हातही मोठ्या दगडांकडेच वळले होते.

वर्गात एक मुलगी होती, मोर्शीकडच्या एका गावची. राजापेठेतल्या एका गल्लीत तिघी मैत्रिणींनी मिळून खोली घेतलेली, डबा खानावळीचा. नाणी, फासे, पत्ते, पिशवीतले लाल-पांढरे चेंडू ही संभाव्यतेची सगळी गणितं ती चुटकीसरशी सोडवायची. खड्यांच्या प्रयोगाचा अहवालही तिनेच सगळ्यात चांगला लिहिला. "निवड माणसाच्या हाती दिली की आकड्यात माणसाचं मन उतरतं," हे तिचं वाक्य मॅडमनी वर्गात वाचून दाखवलं.

मॅडमनी त्या आठवड्यात एक गोष्ट सांगितली होती. वऱ्हाडातल्या प्रत्येक मुलाला ती ठाऊक असायला हवी असं मला मनापासून वाटतं. पिकाचा अंदाज पूर्वी नजरेने बांधत. आणेवारी म्हणत ती हीच. आज आपण पैसेवारी म्हणतो आणि ती पन्नासच्या खाली गेली का, याकडे गावं डोळे लावून बसतात. नजरेऐवजी चिठ्ठीने गाव काढायचं, चिठ्ठीने शेत काढायचं, त्या शेतातला तुकडाही चिठ्ठीने ठरवायचा आणि तेवढं पीक काढून तोलायचं, ही रीत कपाशीसाठी ज्या भागात आधी कसून तपासली गेली त्यात आपला अकोला जिल्हा होता. 1940 च्या दशकात विनायक गोविंद पानसे यांनी हे काम उभं केलं. त्याच काळात पांडुरंग वासुदेव सुखात्मे, साताऱ्याकडच्या बुध गावचे, दिल्लीत गव्हा-भातासाठी असंच काम करत होते. सुखात्म्यांनी 1946 मध्ये दाखवून दिलं की कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर उतारा फुगतो, कारण कडेवरचं झाड आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. या दोघांनी मिळून लिहिलेलं शेतीतल्या संख्याशास्त्राचं पुस्तक 1954 साली निघालं आणि कृषी महाविद्यालयांतून पिढ्यान् पिढ्या अभ्यासलं गेलं. आज सोयाबीन-कपाशीच्या विम्याची भरपाई ज्या पीक कापणी प्रयोगावर ठरते, त्याची मुळं इथे आहेत.

पोळ्याला ती गावी गेली. घरी संत्र्याचा बगीचा, तीन एकर. अठरा ओळी, ओळीत अठरा झाडं, एकूण 324. आंबिया बहार धरलेला, फळ हिरवंच पण भरत आलेलं. व्यापारी येऊन गेला होता. उक्ता सौदा करायचं म्हणत होता आणि दीड लाख फळ धरून भाव सांगत होता. बाबांना ते कमी वाटत होतं. त्यांचं मन दोन लाखांवर होतं.

"मोजून पाहू ना बाबा," ती म्हणाली. "सगळे झाडं नाही. चोवीस मोजले तरी अंदाज येते."

तक्ता तिने सोबत आणलाच होता. दोन-दोन अंक घ्यायचे, पहिले ओळीचे, दुसरे झाडाचे. अठराच्या वरचा आकडा आला की सोडून पुढे जायचं. रात्री बसून तिने चोवीस जोड्या काढल्या आणि सकाळी वही घेऊन बगीच्यात गेली. बाबा बरोबर. झाडाचे चार भाग कल्पून एकेका भागातलं फळ मोजायचं, बाबा मोठ्याने आकडा म्हणायचे, ती लिहायची. 580, 640, 702, 555. दुपारपर्यंत काम छान चाललं.

मग सोळावी ओळ आली, चौथं झाड. ते वाळलेलं होतं. बुंध्याला डिंक आलेला, फांद्या काळ्या.

"याले काहून मोजतं वं माय?" बाबा म्हणाले. "याले फय हाय काय? फयाचं झाड मोज."

तिला तक्ता आठवला, नाही असं नाही. पण समोर वाळलेलं झाड होतं, पायाखाली नाल्याकडचा चिखल होता आणि बाबांचं म्हणणं सरळ होतं: फळं मोजायची तर फळं असलेलं झाड मोजायचं. तिने सोळा-चार खोडलं आणि वरच्या ओळीतलं धडधाकट झाड घेतलं. अठराव्या ओळीतही एक वाळलेलं निघालं, तेही बदललं. पंधरा, सोळा आणि सतरा या ओळींत एकेक झाड असं निघालं की त्यावर चाळीस, पंचावन्न, सत्तर फळं. ती मात्र मोजून झाली होती. "हे काही आपल्या बगीच्यासारखं झाड नाही," असं तिला वाटलं, आणि त्या तीन आकड्यांवरही रेघ आली, त्यांच्या जागीही वरची धडधाकट झाडं घेतली गेली.

चोवीस झाडांची सरासरी आली 610. गुणिले 324, म्हणजे एक लाख सत्त्याण्णव हजारांवर. बाबांच्या तोंडावर हसू आलं. पोरीने विद्यापीठाच्या गणिताने तोच आकडा काढला होता जो त्यांच्या मनात होता. व्यापारी परत आला तेव्हा त्यांनी दोन लाखांच्या खाली बोलणंच केलं नाही. व्यापारी इसार न देता गेला.

दिवाळीनंतर बाबांनी स्वतःच तोडणी लावली. तोवर भाव उतरला होता. मोजदाद झाली तेव्हा फळ भरलं एक लाख बावन्न हजार. बाबा फोनवर एवढंच म्हणाले की फळगळ लई झाली. फळगळ झालीच होती. तिला कुणी दोष दिला नाही, कुणी देणारही नव्हतं. संत्र्याच्या पट्ट्यात फळगळीच्या नावावर कितीतरी चुकीचे अंदाज खपून जातात.

त्याच आठवड्यात वर्गात मॅडम 'लिटररी डायजेस्ट'बद्दल सांगत होत्या. 1936 च्या अमेरिकेतल्या निवडणुकीत या साप्ताहिकाकडे सुमारे 24 लाख लोकांची उत्तरं आली होती. त्यावरून त्यांनी लँडन जिंकणार असं छापलं आणि 48 पैकी 46 राज्यांत रूझवेल्ट जिंकले. नावं घेतली होती टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून, आणि पत्र गेलेल्यांपैकी बहुतेकांनी उत्तरच पाठवलं नव्हतं. "नमुना कितीही मोठा घ्या," मॅडम म्हणाल्या, "जे सुटलं ते एकाच प्रकारचं असेल, तर मोठा नमुना चुकीचं उत्तर जास्त ठामपणे देतो."

ती खोलीवर आली आणि पोळ्याची वही काढली. खोडलेले आकडे रेघेखाली वाचता येत होते. तिने चोवीस झाडं नव्याने मांडली. एकोणीस तशीच ठेवली. बदलून घेतलेली पाच काढली, त्यांची फळं तीन हजार. त्यांच्या जागी मूळची पाच घातली: शून्य, शून्य, चाळीस, पंचावन्न, सत्तर. बेरीज 11,805. भागिले चोवीस, सरासरी 492. गुणिले 324, एक लाख एकोणसाठ हजार. व्यापाऱ्याचा दीड लाखाचा आकडा फळगळ धरूनच होता, हेही आता तिच्या लक्षात आलं.

तिने त्या पाच जोड्यांकडे पुन्हा पाहिलं. ओळी पंधरा, सोळा, सोळा, सतरा, अठरा. पाचही शेवटच्या चार ओळींतली. त्या चार ओळींतलं दुसरं एकही झाड नमुन्यात नव्हतं. म्हणजे तिकडून जे जे निघालं ते ते वाईट निघालं होतं, आणि तिने ते सगळं खोडलं होतं.

शनिवारी ती गावी गेली. जेवण झाल्यावर वही बाबांपुढे ठेवली. "बाबा, चिठ्ठीत निघालेले पाच झाडं आपण सोडले. फळगळ झाली, पण तेवढी नाही. माहा आकडाच चुकला होता."

बाबा बराच वेळ वही पाहत बसले. "सोड म्हनलं तं मीच," ते म्हणाले.

"तुम्ही म्हणाल ते मला शिकवलेलं नव्हतं. तक्ता काय म्हणते ते शिकवलं होतं."

सकाळी दोघं नाल्याकडे गेली. पावसाळाभर तिकडे चिखल, गवत कमरेएवढं, त्यामुळे बाबांचं जाणं व्हायचं ते विहिरीकडच्या ओळींतून. चार-दोन झाडं गेली असतील एवढंच त्यांच्या मनात होतं. आता शेवटच्या चार ओळी एकेक झाड पाहत फिरले. 72 झाडांपैकी धड म्हणावीत अशी नऊ निघाली. बाकीच्यांच्या बुंध्याला डिंक्या लागलेला, कुठे साल सुटलेली. पाणी साचून मुळं कुजत होती आणि रोग वरच्या ओळींकडे सरकत होता. चौदाव्या ओळीत दोन झाडांना नुकता डिंक दिसू लागला होता. पोळ्याच्या दिवशीच त्या पाच आकड्यांनी हे सांगितलं होतं: चोवीसात पाच, म्हणजे बगीच्याचा पाचवा हिस्सा आजारी. सौद्यातलं नुकसान एका वर्षाचं होतं. हे सांगणं कानाआड झालं असतं तर बगीचा गेला असता.

त्या उन्हाळ्यात बाबांनी नाल्याच्या बाजूने चर खोदून घेतला. बुंध्यांची साल खरवडून बोर्डो मलम लावला, मेलेली झाडं मुळासकट काढून जाळली आणि त्या जागा तूर्त मोकळ्या ठेवल्या.

पुढच्या पोळ्याला ती तक्ता घेऊन बसली तेव्हा बाबा शेजारी येऊन बसले. खाली राहिलेल्या जागांचे क्रमांकही चिठ्ठीत राहू द्यायचे, ते निघाले तर शून्य लिहायचं, हे त्यांनी स्वतःहून विचारून घेतलं. मग म्हणाले, "चोवीसाच्या जागी अठ्ठेचायीस मोजले तं चूक अर्धी होईन काय?"

"नाही बाबा. अर्धी करायची तं चौपट लागते. शहाण्णव मोजावे लागतीन."

बाबांनी आकाशाकडे पाहिलं, पाऊस नव्हता. "मंग उजाडताच निघू," ते म्हणाले. "शहाण्णव मोजाले दोन दिवस लागतीन."