जुनी नाणी, परिग्रह आणि अचौर्य

सातवाहनांचे झिजलेले शिशाचे नाणे आज बेताच्या मिळकतीतल्या संग्राहकालाही परवडते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची वस्तू इतक्या स्वस्तात हाती आली, तरी पैसे मोजणाऱ्याचा तिच्यावर नेमका किती हक्क पोहोचतो, हा प्रश्न धर्मविचाराचा आहे.

जैन परंपरेतल्या उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात परिग्रह ठरतो तो वस्तूवरून नव्हे, तर तिच्यात गुंतलेल्या मनावरून. त्यामुळे कपाट नाण्यांनी भरलेले असूनही आपण अनासक्त आहोत, असे संग्राहकाला म्हणता येते. पण एवढ्याने सुटका होत नाही. न दिलेले घेणे ही चोरी, असे सांगून हाच ग्रंथ अचौर्यव्रताचे अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे दोष, मोजतो. चोरीचा माल स्वीकारणे, राज्याचा नियम मोडणे आणि नकली मालाचा व्यवहार करणे हे त्यांतले तीन. पुरावस्तूंच्या बाजाराला हे तिन्ही आजही तंतोतंत लागू पडतात. जमिनीत सापडलेला, १० रुपयांहून अधिक किमतीचा निधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याचे बंधन १८७८ च्या कायद्याने घातले. १९७२ च्या कायद्याने खासगी व्यक्तीला पुरावस्तू परदेशी पाठवण्यास मनाई केली.

कायदा पाळूनही एक चोरी उरते, ती ज्ञानाची. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी येथे नहपान क्षत्रपाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी एकत्र सापडली. त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला होता. नहपानाच्या चेहऱ्यावरच कमानींच्या टेकडीचे चिन्ह उमटलेले, तर मागच्या बाजूला उज्जैन चिन्ह. असे एखादेच नाणे पाहिले तर ठसा दिसतो. पराभूत राजाचे चलन किती मोठ्या प्रमाणावर पुन्हा छापले गेले, हे मात्र सबंध साठा एकत्र तपासल्यामुळेच कळले. असा साठा गुपचूप फोडून सुटा विकला, तर नाणी स्वस्तात मिळतात आणि त्यांचा इतिहास सर्वांच्याच हातून जातो. म्हणून सापडल्याचे ठिकाण लपवलेले नाणे कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये.

मालकीचा एक वेगळा नमुना नाशिकच्याच पांडवलेण्यांत कोरलेला आहे. नहपानाचा जावई उषवदात याने दहाव्या लेण्यातल्या लेखानुसार ३,००० कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे (व्यावसायिक संघांकडे) ठेवले : २,००० दरमहा शेकडा एक दराने, १,००० पाऊण दराने. मुद्दल कधीच परत घ्यायचे नव्हते. खर्चायचे ते व्याज, भिक्षूंच्या वस्त्रांसाठी आणि इतर गरजांसाठी. संग्राहकालाही नाण्याकडे असेच पाहता येते. अभ्यासाचा आनंद त्याचा. नाणे आणि त्याची माहिती पुढच्यांची. आम्लाने घासून नाणे चकचकीत करणे म्हणजे मुद्दलाला हात लावणे होय. प्रत्येक नाण्यासोबत त्याचे वजन, खरेदीची तारीख आणि सापडल्याचे गाव लिहिलेली चिठ्ठी ठेवावी लागते. ती नसली, की वारसांच्या लेखी उरते नुसती चांदी, आणि ती सराफाच्या मुशीत जाते.