न दिसणारे आसन

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या पुतण्याने चलथाणच्या घरी ओसरीवरच्या टेबलावर एक विमान मांडले होते. विमान म्हणजे त्याची प्रतिकृती, मूळच्या ७२व्या हिश्श्याची. मूळ विमान कॅनबेरा. भारतीय हवाई दलात १९५७ साली दाखल होऊन २००७ साली निवृत्त झालेले हे बॉम्बफेकी विमान होते. खऱ्या कॅनबेराच्या पंखांचा विस्तार साडेएकोणीस मीटर, प्रतिकृतीत तो २७ सेंटिमीटर भरतो. या प्रमाणात धट्टाकट्टा पुरुष जेमतेम २४ मिलिमीटर उंच होतो.

अशा विमानाचे धड डाव्या आणि उजव्या अशा दोन अर्ध्या भागांत मिळते. ते चिकटवण्यापूर्वी आतले जे काही करायचे ते करून घ्यावे लागते. पुतण्या नेमका तेथेच अडून बसला होता. औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाचा पत्रा कापून तो आसनांचे पट्टे करीत होता, आणि सुरतेहून आणलेल्या जरीच्या तारेचे तुकडे आतल्या भिंतीवर वायरी म्हणून चिकटवीत होता. चिमट्याने एकेक तुकडा बसवण्यात त्याच्या चार संध्याकाळी गेल्या. धड बंद झाल्यावर यातले बहुतेक सारे कायमचे झाकले जाणार होते.

शिवाय एक अडचण होती. कॅनबेराचे पुढचे चाक नाकाखाली असते. प्रतिकृतीच्या नाकात वजन घातले नाही तर ती शेपटीवर बसते. नाकाच्या पोकळीत शिशाचा गोळा भरला की काम भागते. आम्ही तेच सुचवले. तो म्हणाला, “काका, तिथे माणूस बसतो.” मग त्याने शिसे थोडे तळाखाली, थोडे इंजिनांच्या पुढच्या भागात विभागून घातले आणि नाकातली जागा मोकळी ठेवली.

जे कोणाला दिसणार नाही ते नीट करावे काय, हा प्रश्न जुना आहे. मखरात बसलेल्या गणपतीची पाठ कोणी पाहत नाही, तरी चांगला मूर्तिकार ती रंगवतो. अस्सल पैठणीचा पदर उलट बाजूनेही सुलट बाजूसारखाच दिसतो. याचे समर्थन सहसा ‘काम चोख हवे’ एवढ्यावर थांबते. परंतु बॉम्बफेकी विमानाच्या बाबतीत ते पुरेसे वाटत नाही. संहाराचे यंत्र इतक्या निगुतीने सजवणे म्हणजे त्या संहारालाच शोभा आणणे नव्हे काय? आम्ही ही शंका त्याला बोलून दाखवली. तो काही बोलला नाही. त्याने फक्त दोन आसने आमच्या तळहातावर ठेवली.

ती सारखी नव्हती. भारताने घेतलेल्या या बॉम्बफेकी कॅनबेरात दोघेजण असत. वर काचेच्या घुमटाखाली वैमानिक आणि पुढे नाकात नॅव्हिगेटर, म्हणजे मार्ग आखणारा आणि बॉम्ब टाकताना नेम धरणारा अधिकारी. वैमानिकाला संकटकाळी विमानाबाहेर फेकणारे आसन होते. नॅव्हिगेटरला तसे नव्हते. त्याने हवाई छत्री अंगावर चढवून दारापर्यंत जायचे आणि स्वतः उडी घ्यायची. विमान जमिनीलगत असेल तर याचा अर्थ काय होतो, हे सांगणे नको. हा भेद बाहेरून दिसत नाही. बाहेरून दिसते ते एकसंध, देखणे, चंदेरी यंत्र.

त्याच नाकात नॅव्हिगेटर पालथा पडून काचेतून खाली पाहत नेम धरी. १८ डिसेंबर १९६१ रोजी पुण्याहून निघालेल्या १२ कॅनबेरांनी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली गोव्यातील दाबोळीच्या धावपट्टीवर ६३,००० पौंड बॉम्ब टाकले. धावपट्टी निकामी करावी, पण विमानतळाच्या इमारतींना धक्का लावू नये, असा आदेश होता. आदेश वरून आला हे खरे. पण धावपट्टी आणि इमारत यांतले अंतर राखायचे होते ते काचेशी डोळा लावून पडलेल्या माणसांना. संयम असो वा संहार, तो अखेर त्या हातभर जागेतून होतो.

आपली भाषा मात्र ‘बॉम्ब पडले’ असे म्हणते, जणू पाऊसच पडला. पोकळ धडाची प्रतिकृती हेच वाक्य प्लॅस्टिकमध्ये लिहिते. तिच्यात कोणी नेम धरलेला नसतो आणि कोणाच्या वाट्याला कमी सुरक्षित आसन आलेले नसते. नाकात शिसे भरा, असे आम्ही सुचवले तेव्हा आम्हीही नकळत तेच वाक्य लिहायला सांगत होतो. आतला तपशील भरणारा ते वाक्य दुरुस्त करतो: बॉम्ब माणसाने टाकले, आणि तो माणूस येथे होता. हे यंत्राचे कौतुक नव्हे. यंत्राआड लपलेल्या माणसाला त्याच्या जबाबदारीसह आणि त्याच्यावरील अन्यायासह परत जागेवर बसवणे आहे.

अर्थात ही दुरुस्ती अपुरी आहे. विमानाखाली जमिनीवर जे असतात त्यांची प्रतिकृती कोणत्याही पेटीत मिळत नाही. त्यांना मनातच धरावे लागते. पण वर कोणी होते हेच जो विसरला, त्याला खाली कोण होते हे आठवण्याचा संभव कमीच.

तुळशीच्या लग्नाच्या सुमारास धड चिकटले. आता पाहणारा येतो, रंगाची तारीफ करतो आणि जातो. आत दोन आसने आहेत आणि ती सारखी नाहीत, हे घरात आम्हा दोघांनाच ठाऊक आहे. म्हणून येथे लिहून ठेवले.