पत्र्याखालची पोकळी

अमेरिकेत रायडिंग मोअर, म्हणजे बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र, घ्यायला गेलेला माणूस काय काय बघतो? इंजिन किती हॉर्सपॉवरचं, डेक बेचाळीस इंची की चोपन्न, बैठक ऐसपैस आहे का, कॉफीचा पेला ठेवायला जागा केलीय का. डेक खालून कसा दिसतो हे कोणी वाकून बघत नाही. विक्रेताही दाखवत नाही, कारण दाखवण्यासारखं तिथे काही नसतं. उपडं बसवलेलं एक पोलादी कवच, त्यात दोन किंवा तीन पाती आणि उरलेली सगळी रिकामी जागा. मला मात्र वाटतं, त्या आख्ख्या यंत्रात खरं काम करते ती ही रिकामी जागा. इंजिन, पट्टा, पुली, पाती हे सगळे तिच्या दिमतीला.

हे जरा उलगडून सांगायला हवं. मोअरचं पातं नुसतं कापत नाही. त्याची पुढची कड धारेची असते आणि मागची कड वर वळवलेली. मिनिटाला तीन हजारांच्या आसपास फेऱ्या घेत ते फिरू लागलं, की ही वळवलेली कड खालून हवा वर खेचते. वाकलेलं, चाकाखाली दबलेलं गवत त्या ओढीने उभं राहतं, मग कापलं जातं आणि तोच वारा कापलेल्या काड्या कवचाच्या भिंतीलगत फिरवत बाजूच्या तोंडातून बाहेर भिरकावतो. कवचाची खोली, त्याच्या कोपऱ्यांची गोलाई, आत बसवलेल्या वाकड्या पट्ट्या हे सगळं या वाऱ्याला वाट करून देण्यासाठी. ती वाट अरुंद झाली, की पात्याला कितीही धार असली तरी गवत पुरतं उभं राहत नाही आणि निजलेल्या गवतावरून पातं तसंच निघून जातं.

गवत कापायचं पहिलं यंत्र १८३० मध्ये एडविन बडिंग याने इंग्लंडमधल्या स्ट्राउड गावाजवळ बनवलं. लोकरी कापडावरची लव छाटणारं गिरणीतलं यंत्र बघून त्याला ते सुचलं. नळकांड्यावर बसवलेली पाती एका स्थिर पट्टीला घासून फिरत आणि मध्ये आलेलं गवत कातरलं जाई. कातरण्याला फार वेग लागत नाही, म्हणून कवचही लागत नाही. आडवं फिरणारं पातं विसाव्या शतकातलं; दुसऱ्या महायुद्धानंतर हलकी पेट्रोल इंजिनं स्वस्त झाल्यावर ते घरोघरी गेलं. हे पातं कातरत नाही, फटकारतं. समोर टेकू नसताना गवताची लवचीक काडी तोडायची तर वेग प्रचंड हवा. अमेरिकी सुरक्षा मानकाने पात्याच्या टोकाला मिनिटाला १९,००० फुटांची मर्यादा घातली आहे, म्हणजे ताशी जवळपास साडेतीनशे किलोमीटर. एवढ्या वेगात खडा सापडला तर तो कोणाच्या पायात घुसेल सांगता येत नाही, म्हणून वर कवच पाहिजेच. कवचामुळे वारा कोंडता येतो, कामाला लावता येतो. आणि फटकारून तोडलेल्या गवताचा रस उडतो, तोही याच कवचाच्या आत. पोकळी आणि तिला बुजवणारा ओल्या गवताचा लगदा, दोघांचं मूळ एकाच युक्तीत आहे. पातं सुधारून किंवा रंग बदलून ही गोष्ट टळणारी नाही.

बडिंगच्या आधी विलायती हवेल्यांपुढची हिरवळ लांब दांड्याच्या विळ्याने कापत आणि कापणारे मजूर पहाटेच कामाला लागत. दवाने भिजलेली काडी त्या विळ्याला सोपी जाते, ऊन तापलं की ती निसटू लागते. मोअरचं नेमकं उलट. दव सुकेपर्यंत थांबा, असं यंत्राची पुस्तिका सांगते. पण ओहायोत किंवा पेनसिल्व्हेनियात एप्रिलअखेरपासून जूनपर्यंतचा काळ गवताच्या जोराचा आणि तोच पावसाचाही. आठवडाभर नोकरी, शनिवारी पोरांचं सॉकर, रविवारी पुन्हा ढग. कित्येक गावांचे नियम असे, की गवत आठ-दहा इंचांपलीकडे गेलं तर दारावर नोटीस. मग मिळेल त्या तासात, ओलं तर ओलं, उरकलं जातं. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये हा नियम सगळ्यांना पाठ असतो आणि मे महिन्यात तो पाळणारा विरळा.

ताज्या गवतात सत्तर-ऐंशी टक्के पाणी असतं. त्याचा चुरा आणि रस मिळून कवचाच्या आतल्या बाजूवर आदळतो, चिकटतो, इंजिनाच्या उष्णतेने आणि वाऱ्याने सुकतो. पुढच्या आठवड्याचा थर त्यावर चढतो. शेणाने जमीन सारवतात तसंच हे काम, फक्त हाताऐवजी वारा सारवतो. आणि शेण म्हणजे तरी काय, रवंथ केलेलं गवतच की. म्हणून तर हा थर इतका पक्का बसतो. त्याच्या पोटात ओल धरून राहते, खतातले क्षार असतात, रस किंचित आम्लधर्मी असतो. रंग फुगतो, खाली गंज धरतो. वरून रंग लखलखीत आणि खालून पत्रा निम्म्यावर आलेला, असे डेक मी पाहिले आहेत.

लक्षणं दिसतात ती मात्र भलतीकडेच. मागे ओल्या गवताचे गोळे पडत जातात, दोन पात्यांच्या मधोमध न कापलेली रेघ राहते, बाहेर फेकणाऱ्या तोंडाशी बोळा बसतो, आवाज जड होतो. मग माणूस पाती उतरवून त्यांना धार लावतो. पट्टा बदलतो. चाकांतली हवा तपासतो, कारण एका चाकात ती कमी असली की डेक कलतो. पेट्रोलला नावं ठेवतो. यातलं प्रत्येक कारण कधी ना कधी खरं निघतं, म्हणून त्या शोधाला हसण्याचं कारण नाही. पण या सगळ्या संशयितांत एक साम्य आहे: त्या वस्तू आहेत. वस्तूला नाव असतं, सुट्या भागांच्या यादीत क्रमांक असतो, दुकानात किंमत असते. पोकळीला यातलं काहीच नाही. पुस्तिकेतल्या आकृतीत डेकचा प्रत्येक नट आणि वॉशर बाण काढून दाखवलेला असतो. ज्या जागेसाठी हा सगळा संसार मांडला, ती तिथे निव्वळ कोरा कागद असते. बिघाड म्हणजे काहीतरी मोडलं, झिजलं, संपलं अशी आपली पक्की समजूत आहे. इथे मोडलेलं काही नसतं. काहीतरी जास्त झालेलं असतं, आणि जास्तीकडे बिघाड म्हणून बघायची आपल्याला सवय नाही.

उपाय एवढा साधा आहे की सांगताना संकोच वाटावा. खरवडायचं. पुढची चाकं रॅम्पवर चढवायची, ब्रेक लावायचा, किल्ली काढून खिशात टाकायची, इंजिन गार होऊ द्यायचं, स्पार्क प्लगची वायर सोडवून बाजूला ठेवायची. किंवा यंत्र सपाटीवर ठेवून पट्टा पुलीवरून उतरवायचा, पिना काढायच्या आणि आख्खा डेकच बाजूने सरकवून बाहेर घ्यायचा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही, भक्कम ठोकळे हवेतच. हातात जाड मोजे, डोळ्यांवर चष्मा. रंगारी पुट्टी ओढायला वापरतात तसली पट्टी बहुतेक कामाला पुरते. कोपऱ्यांना आणि पात्याच्या बुंध्याशी एखादा जुना स्क्रू-ड्रायव्हर. त्याच दिवशी हात घातला तर थर ओला असतो आणि सहज निघतो. वाळल्यावर खपल्या उडतात. हंगामभर राहिलेल्या थराशी मात्र झटापट करावी लागते. वास गोठ्याचा येतो, जरा आंबलेला. मला तो आवडतो; घरातल्या कोणालाही आवडत नाही.

बडिंगने आपल्या पेटंटात असं आश्वासन दिलं होतं, की गावाकडच्या सद्गृहस्थांनी हे यंत्र स्वतः चालवलं तर त्यांना करमणूकही होईल आणि व्यायामही. १९६३ मध्ये जॉन डिअरचा ११० हा अंगणातला छोटा ट्रॅक्टर आला आणि बसून गवत कापणं ही उपनगरांतली हौस होऊन गेली. त्या आश्वासनातला व्यायाम आता काय तो डेकखाली उताणं पडूनच मिळतो.

तोही टाळायची सोय निघाली आहे. बऱ्याच डेकना वरून एक तोटी असते. बागेची नळी तिला जोडा, पाती चालू करा, पाणी आतल्या आत फिरून सगळं धुऊन काढेल. मला ही सोय अर्धवट वाटते. वारा जिथून नीट वाहतो तिथेच पाणीही जोरात जातं, आणि तिथे मुळात थर कमीच असतो. आडोशाला, पट्ट्यांच्या मागे, कोपऱ्यांत जे बसलंय ते फक्त भिजतं. भिजलेला थर लोखंडाला आणखी वाईट. शिवाय पाण्याने स्पिंडलच्या बेअरिंगची वाट धरली तर खर्च वेगळाच. दर वेळी कापून झाल्याबरोबर जो नळी लावतो त्याला ती उपयोगी पडत असेल. जूनमध्ये पहिल्यांदा लावणारा थराला नुसतं पाणी पाजतो. मग ग्रॅफाइटचे लेप, सिलिकोनचे फवारे. काहीजण स्वयंपाकाच्या तेलाचाही फवारा मारतात. चार-दोन फेऱ्या हे टिकतं, नंतर उडालेली वाळूच ते घासून काढते. बाजारात हे सगळं येतं याचं कारण सरळ आहे. खरवडणं विकता येत नाही.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशासाठी? संशोधक क्रिस्टिना मिलेसी आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये उपग्रहांच्या आधारे अंदाज बांधला, की अमेरिकेत हिरवळीखालची जमीन सुमारे १,६३,८०० चौरस किलोमीटर असावी. घरांची अंगणं, बागा, गोल्फची मैदानं सगळं धरून. त्यात चूकभूल बरीच धरलेली आहे, तरी हा आकडा महाराष्ट्राच्या निम्म्याहून मोठा. आणि यातलं कापलेलं गवत जवळजवळ कोणीच खात नाही. माझे वडील साताऱ्याकडचे शेतकरी. इथे आले तेव्हा ओट्यावर बसून शेजाऱ्याचं मोअर बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "एवढी वैरण निघते, आणि एकाच्याही दावणीला जनावर नाही?" पहिल्या महायुद्धाच्या काळात अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर मेंढ्या सोडल्या होत्या, हे त्यांना सांगितलं. त्या माणसाला अक्कल होती, एवढाच शेरा मिळाला.

त्यांच्या प्रश्नात मला डेकचं कोडं नव्याने दिसलं. चाऱ्यासाठी कापणारा काडी न् काडी गोळा करतो. मोअरसाठी गवत कापल्या क्षणी कचरा होतं. यंत्राची सगळी रचना ते फेकून देण्यासाठी आहे, आणि फेकायचं राहिलं ते पोटात साठतं. अलीकडे कापलेलं बारीक करून जागीच मुरवायची पद्धत रूढ आहे आणि ती शहाणपणाची आहे, कारण गवतातला नायट्रोजन जमिनीला परत मिळतो. पण त्यासाठी डेकचं तोंड बंद करतात, गवत आत जास्त वेळ घोळवतात, पुन्हा पुन्हा तोडतात. साहजिकच थर जास्त बसतो. जमिनीला दिलेल्या दानाची किंमत पोकळी मोजते.

उपनगरातलं घर या दृष्टीने बघितलं तर अशा पोकळ्यांवरच चालतं. छपराच्या पन्हळी नोव्हेंबरात पानांनी भरतात, भट्टीचा फिल्टर धुळीने, कपडे वाळवायच्या यंत्राची नळी तंतूंनी. शेवटच्या बाबतीत हिशेब सरकारी आहे. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या वर्षांच्या आकडेवारीवरून सांगितलं, की घरांमध्ये ड्रायरमुळे वर्षाला सुमारे २,९०० आगी लागतात आणि त्यांतलं सर्वांत मोठं कारण म्हणजे सफाई न करणं. मोअरच्याही डेकवर, पट्ट्याच्या झाकणाखाली सुकं गवत साचतं आणि गरम सायलेन्सर तिथून फार लांब नसतो. खालचं खरवडताना वरचंही झाडून काढावं, ते यासाठी.

पेट्रोलच्या इंजिनात गव्हर्नर असतो. भार वाढला की तो आपसूक थ्रॉटल उघडतो आणि फेऱ्या राखतो. त्यामुळे डेक हळूहळू भरत गेला तरी बसणाऱ्याला बरेच दिवस पत्ता लागत नाही. जास्तीचं पेट्रोल गुपचूप जळत राहतं. आता बॅटरीवरची रायडिंग मोअर आली आहेत. तेल बदलायचं नाही, स्पार्क प्लग नाही, आवाजही कमी. पातं, कवच आणि गवत मात्र तेच. फरक एवढाच, की इथे भार लपत नाही. किती चार्ज उरला ते समोर दिसतं, आणि थर चढला की तेच अंगण संपायच्या आत चार्ज उतरू लागतो. पोकळी बुजल्याचं हे पहिलंच चोख मोजमाप म्हणायला हवं. पण त्या आकड्याकडे बघून डेकखाली वाकणारे थोडेच. पहिला संशय बॅटरीवर जातो. तिला यादीत क्रमांक आहे, दुकानात किंमत आहे आणि वॉरंटीही आहे.