आजचं चिंतन : गीता ३.१२ आणि इंद्रायणीचा फेस



आजचा श्लोक तिसऱ्या अध्यायातला बारावा. देवांनी दिलेलं परत न करता जो नुसतं भोगतो, त्याला भगवंत सरळ चोर म्हणतात. मी आजवर हे नैवेद्यापुरतंच घेतलं होतं. ताट दाखवलं, झालं.

मग कार्तिकीला आळंदीला गेलो. नदीवर पांढरा फेस. एक आजी तो हाताने बाजूला सारून तीर्थ घेत होत्या. म्हटलं, "आजी, नका घेऊ." त्या म्हणाल्या, "माउलीची आहे रे ती."

लोणावळ्याजवळ कुरवंड्याला उगम पावणारी ही नदी देहू-आळंदी करत तुळापूरला भीमेला मिळते. वाटेत आमचा सगळा औद्योगिक पट्टा. कंपन्यांना शिव्या घालणं सोपं आहे हो, पण माझे बाबा भोसरीत प्लेटिंगच्या शॉपमध्ये कामाला होते. माझी इंजिनिअरिंगची फी तिथूनच आली. गावाकडची शेती पोट भरत नव्हती. उद्योग नकोत म्हणणारा मी कोण?

प्लेटिंगनंतर जॉब धुतात, त्या पाण्यात क्रोमियम उतरतं. त्याचं विषारी रूप आधी केमिकल टाकून बदलायचं, मग चुन्याने खाली बसवायचं, आणि उरलेला गाळ ठरलेल्या जागीच पाठवायचा. याला पैसे लागतात. हे टाळलं की जॉब स्वस्त पडतो. म्हणजे खर्च वाचत नाही, तो खालच्या गावावर ढकलला जातो. चोरी आहे ती इथे. कारखाना काढण्यात नाही.

तमिळनाडूत पालार नदीकाठच्या चामड्याच्या कारखान्यांबद्दल सुप्रीम कोर्टाने १९९६ साली हेच सांगितलं : प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यायची. विकास थांबवा असं कोर्ट म्हणालं नाही.

"आधी श्रीमंत होऊ, मग नदी साफ करू" हे ऑफिसात खूप ऐकतो. आपण कोडर लोक याला टेक्निकल डेट म्हणतो. फरक एवढाच, की कोड पुन्हा लिहिता येतो. नदीच्या गाळात बसलेलं क्रोमियम कोण काढणार? आणि व्याज त्या आजी भरतात.

आता माझी गोष्ट. फेस क्रोमियमने येत नाही, त्याला साबण-डिटर्जंट लागतं. म्हणजे शहरातल्या घराघरातलं सांडपाणीही त्यात आलं. आमच्या सोसायटीचा एसटीपी लाइटबिल वाचवायला रात्री बंद ठेवतात. गेल्या वर्षी मीटिंगमध्ये हा ठराव आला, तेव्हा मीही हात वर केला होता. मेंटेनन्स वाढू नये म्हणून. कपाळाला गंध तसंच होतं.

या रविवारी पुन्हा मीटिंग आहे. तो ठराव मागे घ्या, असं पत्र मी सेक्रेटरींना दिलंय. दोघा-तिघांनी ग्रुपवर आधीच हसायचे इमोजी टाकलेत.

काल बाबांना विचारलं, "तुमच्याकडे पाणी साफ करायचा प्लांट होता ना?"

"होता की," ते म्हणाले. "इन्स्पेक्शनच्या दिवशी चालायचा."

मग त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.