कडबनवाडीचे शिवार

२५ जुलै २०२२ रोजी, सकाळी साडेअकराच्या सुमारास, नीरेपलीकडे इंदापूर तालुक्यात, चिंकारा हरणांच्या माळरानासाठी ओळखल्या जाणाऱ्या कडबनवाडी गावच्या शिवारात, बारामतीहून एकटीनेच उड्डाण केलेल्या एका शिकाऊ वैमानिक तरुणीचे दोन आसनी सेसना १५२ जातीचे विमान, इंजिनाची शक्ती खालावल्यामुळे, शेतात उतरले आणि मोडून पडले. गावकरी धावले, त्यांनी तिला बाहेर काढून रुग्णालयात पोहोचवले. इजा किरकोळ होती.

इंजिन बंद पडले म्हणजे विमान दगडासारखे कोसळते, ही समजूत खरी नव्हे. नाक किंचित खाली ठेवून ताशी सुमारे ११० किलोमीटरचा वेग सांभाळला, तर हे विमान बरेच अंतर तरंगत जाते. परंतु तेवढ्या अल्पावधीत वाऱ्याची दिशा ओळखणे, विजेच्या तारा, विहिरी आणि बांध टाळणे, आणि उंची वाचवण्याच्या मोहाने वेग न गमावणे, एवढी सारी कर्तव्ये एकट्या जीवाने पार पाडावयाची असतात. ज्या वयात आपल्या घरची मुले रात्री मोटारसायकल घेऊन निघाली तरी आपण उंबऱ्यात उभे राहतो, त्या वयातील ही मुलगी होती.

अशा प्रसंगी पारावर आणि कचेरीत पहिला प्रश्न उमटतो तो कसूर कोणाची हा. पंचनामा, जबानी, फिर्याद या क्रमाची सवय आपल्या हाडीमांसी इतकी खिळली आहे की, अपराधी सापडला म्हणजे सत्य सापडले असे आपण मानून चालतो. विमानविद्येने मात्र फार पूर्वीच निराळा मार्ग धरला. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीच्या १९४४ च्या शिकागो कराराच्या तेराव्या परिशिष्टाने, जे १९५१ साली प्रथम स्वीकारले गेले, अपघाताच्या चौकशीचा एकमेव हेतू पुढचा अपघात टाळणे हाच ठरविला. दोष वाटून देणे हे त्या चौकशीचे काम नव्हे. भारताचे या विषयीचे नियमही हेच तत्त्व मानतात. अमेरिकेत तर १९७६ पासून वैमानिकांनी आपल्या चुका स्वतःहून कळवाव्यात, आणि चूक हेतुपुरस्सर वा फौजदारी स्वरूपाची नसल्यास त्यांना शिक्षेपासून बऱ्याच अंशी अभय मिळावे, अशी तजवीज आहे. कारण उघड आहे: भ्यालेला मनुष्य आधी स्वतःचा बचाव रचतो, आणि त्या बचावाच्या आड नेमकी तीच गोष्ट दडते जी पुढच्या शिकाऊ मुलाचा प्राण वाचवू शकली असती.

साखर कारखान्याच्या बॉयलरजवळ काम करणारा कामगार, एस.टी.च्या आगारातील मेकॅनिक, प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिका, यांच्यापैकी कितीजण आज आपल्या वरिष्ठापुढे ‘माझ्या हातून असे घडले’ हे निर्भयपणे सांगू शकतात? आपण त्यांच्यासाठी निलंबनाचा हुकूम आणि बदली यांखेरीज दुसरी भाषा घडविलेलीच नाही. एक कारकून निलंबित झाला की दप्तर बंद होते, आणि ज्या सदोष रचनेने त्याला चुकीकडे ढकलले ती जशीच्या तशी पुढच्या कारकुनाची वाट पाहत राहते.

चूक कबूल करणाऱ्यास द्यावयाच्या या अभयाचा लाभ मात्र संस्थाचालकांच्या दुर्लक्षास मिळता कामा नये, हे मी तितक्याच आग्रहाने म्हणतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच बारामती परिसरात अवघ्या काही दिवसांच्या अंतराने एकाच प्रशिक्षण संस्थेची दोन विमाने कोसळली, तेव्हा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्या संस्थेचे प्रशिक्षणच थांबविले. विमानांची देखभाल आणि शिक्षकांची पात्रता यांचे उत्तर विद्यार्थ्याने नव्हे, संस्थेने द्यावयाचे असते. कराडजवळच्या वारुंजीच्या धावपट्टीवरून उद्या आपल्याच सातारा-सांगलीची मुले उडू लागली, तर त्यांच्या पालकांनी शुल्काच्या आकड्याआधी हे विचारावे की, मागील वर्षी तुमच्याकडे विद्यार्थ्यांनी स्वतःच्या किती चुका स्वतःहून नोंदविल्या, आणि त्या वाचून तुम्ही काय बदलले.