राहुटी, कीटक आणि अहिंसा

अहिंसेचा विचार आपण बहुधा मोठ्या प्राण्यांच्या संबंधानें करितों. गाय, कुत्रा, पक्षी यांच्या वेदना आपणांस ओळखूं येतात. म्हणून त्यांच्याविषयीं दया उत्पन्न होण्यास फारसे प्रयास पडत नाहींत. परंतु कोणत्याही तत्त्वाची खरी परीक्षा, तें पाळणें जेथें गैरसोयीचें होतें, तेथेंच होते. अहिंसेची अशी परीक्षा पाहावयाची असेल, तर पावसाच्या तोंडावर सह्याद्रीच्या पायथ्याशीं राहुटी ठोकून एक रात्र काढावी. हवा दमट, अंगाला घामाची चिकचिक, दिव्याभोंवतीं पांखरांची गर्दी, कानाशीं डांसांची गुणगुण आणि अंथरुणावर मुंगळ्यांची रांग! अशा वेळीं हात आपोआप उठतो. तो उठलेला हात न्याय्य आहे काय, एवढाच प्रश्न येथें विचारावयाचा आहे.

हा प्रश्न आपल्या पूर्वजांना अपरिचित नव्हता. बौद्ध भिक्षु वर्षाकाळीं भ्रमण थांबवून एके ठिकाणीं वास करीत, आणि जैन साधु आजही चातुर्मास पाळतात. पावसाळ्यांत भूमीवर जीवजंतूंची व अंकुरांची दाटी होते, आणि चालणाराच्या पावलांखालीं तीं चिरडलीं जातात, हें त्या नियमामागील एक कारण होय. संन्याशानें हा प्रश्न जाणेंच टाळून सोडविला. गृहस्थाला ती मोकळीक नव्हती. म्हणून मनुस्मृतींत त्याच्या घरांतील पांच हिंसास्थानें मोजलीं आहेत: चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. तेथें नित्य घडणाऱ्या हिंसेच्या निष्कृतीसाठीं पंचमहायज्ञ सांगितले आहेत. या व्यवस्थेचें कर्मकांड कोणास मान्य असो वा नसो, तिच्यांतील प्रांजळपणा मान्य करावाच लागेल. हिंसेवांचून संसार चालत नाहीं. पण चालत नाहीं म्हणून ती हिशेबांतूनच वगळावी, असेंही नाहीं.

आतां राहुटीची गोष्ट घराहून निराळी आहे. घरांत शिरलेल्या झुरळाला आपण आगंतुक म्हणतों, आणि गृहस्वामी या नात्यानें त्याला बाहेर घालवितों. अरण्यांत हें नातें नेमकें उलटें होतें. तेथील पालापाचोळा, ओली माती, झाडांच्या ढोलींतील सांचलेलें पाणी हीं कीटकांचीं घरें आहेत. आगंतुक आपण आहोंत. शिवाय आपण तेथें पोटासाठीं गेलेलों नसतों, विरंगुळ्यासाठीं गेलेलों असतों. पाहुण्यानें यजमानाच्या घरांत पाऊल टाकतांच घरच्या माणसांची कत्तल आरंभावी, यास कोणत्याही शास्त्रांत आतिथ्य म्हणत नाहींत.

यावर कोणी म्हणेल, कीं हा दृष्टान्त गोड असला तरी भोळा आहे. कारण हा यजमान पाहुण्याचा जीव घेऊं शकतो. आक्षेप खरा आहे. २० ऑगस्ट १८९७ रोजीं सिकंदराबाद येथें रोनाल्ड रॉस यांना अ‍ॅनॉफिलीस डांसाच्या जठराच्या भित्तींत हिवतापाचे जंतु आढळले, आणि डांसाचा दंश ही केवळ खाजेची बाब नाहीं हें सिद्ध होण्याचा मार्ग मोकळा झाला. पोटच्या मुलाला हिवताप होऊं द्यावा पण डांस मारूं नये, असें सांगणारी अहिंसा ही दया नसून दुसऱ्याच्या जिवावर केलेलें पुण्य होय. त्यांतही ज्यांना वर्षभर त्याच रानांत राहावयाचें आहे, त्या वाडीवस्तीवरील लोकांना दोन रात्रींच्या प्रवाशानें अहिंसा शिकवूं नये. त्यांनीं औषध फवारणें हें आत्मरक्षण आहे.

परंतु या आक्षेपानें जेवढें सिद्ध होतें तेवढेंच घ्यावें. कीटकांवर हात उचलण्यास आपणांस तीन कारणें घडतात: भय, त्रास आणि किळस. भय साधार असेल तेव्हां वध क्षम्य आहे. त्रास हें वधाचें नव्हे, निवारणाचें कारण आहे. किळस हें तर कसलेंच कारण नाहीं; ती आपल्या मनाची संवय असून तिचा दंड दुसऱ्यानें भोगावा हें न्यायाला धरून नाहीं. अडचण अशी, कीं राहुटींतला माणूस किळस आणि त्रास या दोहोंनाही भयाचें नांव देतो.

निवारणाचीं साधनें तर उपलब्ध आहेत. सांचलेल्या पाण्यापासून दूर मुक्काम करावा, तिन्हीसांजेपूर्वीं अंगभर कपडे घालावे, उघड्या अंगास मलम लावावें, मच्छरदाणीच्या कडा नीट खोंचाव्या. साधी मच्छरदाणी हें मला तर मोठें नीतिमान् साधन वाटतें. ती कोणास मारीत नाहीं, केवळ मर्यादा सांगते. याउलट प्रकाशानें किडे ओढून विजेनें जाळणारें यंत्र पाहावें. डांसाची मादी माणसाचा शोध घेते तो मुख्यतः त्याच्या श्वासावरून, अंगाच्या उष्णतेवरून व वासावरून. त्यामुळें त्या यंत्रांत बहुधा निरुपद्रवी पतंग व भुंगेरेच जळतात. विषाचीही तीच कथा. डी.डी.टी.चा कीटकनाशक गुण १९३९ सालीं पॉल म्यूलर यांनीं शोधून काढला, व १९४८ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. त्या द्रव्यानें असंख्य माणसें वांचलीं हें खरें. पण विषाला शत्रु-मित्र कळत नाहीं, हें १९६२ सालीं रेचेल कार्सन यांच्या ग्रंथानें जगाच्या ध्यानांत आणून दिलें.

भंडारदऱ्याच्या परिसरांत पावसाच्या आधीं झाडेंच्या झाडें काजव्यांनीं लखलखूं लागतात, आणि तें पाहावयास शहरांतून झुंडीच्या झुंडी जातात. काजवाही कीटकच आहे. त्याची अळी त्याच ओल्या मातींत गोगलगाईंवर वाढते, आणि त्याचा प्रकाश ही नर-मादींची परस्परांस दिलेली खूण असते. त्या खुणेवर आपण विजेऱ्यांचे झोत टाकतों, आणि डांसांसाठीं फवारलेलें विष त्याच पाचोळ्यावर पडतें. जें सुंदर वाटतें तें पाहावयाचें, जें रुचत नाहीं तें मारावयाचें, आणि या दोहोंचा निवास एकच आहे हें विसरावयाचें, असा हा सृष्टिप्रेमाचा प्रकार आहे.

कीटकांचें प्रेम वाटलेंच पाहिजे, असा माझा आग्रह नाहीं. प्रेम आज्ञेनें उत्पन्न होत नाहीं. परंतु न्यायाला प्रेमाची आवश्यकता नसते. जो स्वेच्छेनें दुसऱ्याच्या घरीं गेला, त्यानें गैरसोयीचा मोठा वांटा स्वतः उचलावा, एवढेंच न्याय मागतो. ज्याला तेवढाही वांटा जड वाटतो, त्यानें चातुर्मासांतील साधूप्रमाणें घरींच राहावें. त्यांतही कमीपणा कांहीं नाहीं.